दोन घरची नेमणूक

सोलापूर

चि. मुक्ता हीस अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तुझा आवाज चढला आणि माझाही चढला. आईने फोन काढून घेतला म्हणून बरे झाले. तुझ्या नव्या संस्थेतल्या नेमणुकीविषयी आता अवाक्षर काढणार नाही, असे तिला कबूल करून लिहायला बसलो आहे.

तू पाठवलेले त्या संस्थेचे माहितीपत्रक दादाने छापून आणले. संगणकशास्त्र, माहितीशास्त्र आणि संख्याशास्त्र यांना एकत्र आणून स्वतंत्र विद्याशाखा काढायची आणि तिची दारे शेतकीपासून भाषेपर्यंत सर्व विषयांना मोकळी ठेवायची, हे मला पटले. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाने १९९९ मध्येच अशी विद्याशाखा उभी केली होती, आणि एमआयटी या अमेरिकेतल्याच तंत्रज्ञान विद्यापीठाने २०१८ मध्ये आपल्या संगणन महाविद्यालयाची घोषणा केली तेव्हा ५० नव्या प्राध्यापकपदांपैकी २५ इतर विभागांबरोबर संयुक्त ठेवली, हेही दादानेच दाखवले.

तुझे पदही तसेच, अर्धे संगणनात आणि अर्धे भाषाशास्त्रात, आणि माझे घोडे नेमके इथेच अडते. काही वर्षांनी तुला कायम करायचे की नाही, हे कोणी ठरवायचे? भाषावाले म्हणतील की हिचे लेखन आमच्या नियतकालिकांत येत नाही, संगणकवाले म्हणतील की हिचे भाषेचे काम आम्हाला जोखता येत नाही, आणि बैठका व तास मात्र दोन्हीकडचे तुझ्याच माथी येतील. दोन घरचा पाहुणा उपाशी, असे आजी उगाच म्हणत नसे. धाकट्या काकाचे काय झाले ते तुला ठाऊक आहे. पाहा, लिहिणार नव्हतो तेच लिहिले. राग मानू नकोस.

अक्कलकोट रस्त्यावरच्या कारखान्यात मी चादरीच्या नक्षीसाठी मागाला लागणारी भोकांची कार्डे पाडत असे, तेव्हा शाळा सुटली की तू तिथेच येऊन भोके पाडायच्या यंत्राखाली पडलेल्या पुठ्ठ्याच्या टिकल्या वेचून फ्रॉकच्या खिशात भरायचीस. आलेखाच्या कागदावरचा चौकोन भरलेला असेल तर कार्डाला भोक, रिकामा असेल तर नाही. भोक आले की मागाचा हूक उचलला जातो आणि ताण्याचा धागा त्याच्याबरोबर वर येतो. मग मोर काढायचा आहे हे मागाला कसे कळते, असे तू विचारलेस, आणि मागाला मोर कळत नाही, त्याला भोक तेवढे कळते, असे मी सांगितले. तुझे समाधान झाले नव्हते. जकार्डचा हा माग फ्रान्समध्ये १८०४ चा आणि इंग्रज गणिती बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्रासाठी कार्डांची युक्ती त्यावरूनच उचलली, हे पुढे कॉलेजातून आल्यावर तूच मला सांगितलेस, तेव्हा दुसऱ्या दिवशी मी ते कारखान्यात मालकांसकट सर्वांना ऐकवले होते. यंत्राला मराठी वाक्य कळते म्हणजे नेमके काय कळते, या तुझ्या आजच्या प्रश्नाला भाषाशास्त्र लागणारच, एवढे मला समजते.

नव्या संस्थेला मी नावे ठेवत नाही. आपल्या जिल्ह्याचे विद्यापीठ २००४ मध्ये झाले. त्याआधी इथल्या पदव्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या असत. दादा इथे नव्या विद्यापीठात शिकला तेव्हा काही नातेवाइकांनी नाके मुरडली, आणि आता तेच आपल्या मुलांच्या प्रवेशासाठी त्याचा सल्ला घेतात. पण विद्यापीठ नवे असले तरी दादाचा विभाग एकच होता आणि त्याला जाब विचारणारेही एकच होते.

तेव्हा पुण्याची कायम नोकरी सोडण्यापूर्वी अधिष्ठात्यांकडून एवढे लेखी घे: तुझा मुख्य विभाग कोणता, तुझ्या कामाचे मूल्यमापन करणाऱ्या समितीवर कोण असेल, आणि दोन विभागांचे मत निराळे पडले तर निर्णय कोणाचा. तुझ्यासारख्या शिकलेल्या मुलीला मी कार्डे पाडणाऱ्याने शिकवावे हे विचित्रच आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. जाण्याआधी चार दिवस घरी ये; त्या विषयावर बोलणार नाही. शेंगांची चटणी आणि कडक भाकरी आई बांधून देईल.

तुझा,
बाबा

ता. क. उत्तर ईमेलने आले तरी चालेल, मात्र ते अधिष्ठात्यांच्याच नावाने असावे, विभागातल्या कारकुनाच्या नव्हे.