फॉर्मवर 'मैत्रीण' का चालत नाही?

माननीय संपादक, स.न.वि.वि.

नात्यांचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी मामा, आत्या, सासर-माहेर ह्यावरच अडकते. पण आमच्या नाशकात सिडको, इंदिरानगर भागात बघा, पोरं पुण्याला नाहीतर फॉरेनला आणि आईवडील इथं, मग रात्री-अपरात्री धावून कोण येतं तर खालच्या मजल्यावरचे शेजारी नाहीतर गोदापार्कला सोबत चालणारा ग्रुप. मध्यंतरी आमच्या शेजारच्या काकूंना अॅडमिट केलं तेव्हा त्यांच्या मैत्रिणीने फॉर्मवर 'रुग्णाशी नातं' ह्या रकान्यात 'मैत्रीण' असं लिहिलं, तर काउंटरवरची मुलगी पेन आपटून म्हणे रक्ताचं कोणी नाही का, आणि काकूंच्या औषधांची यादी, अॅलर्जी सगळं ह्याच मैत्रिणीला तोंडपाठ, मुलाला नाही!

बरं, कायदा इतका मागे नाहीये. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात आपला प्रतिनिधी म्हणून कुठल्याही सज्ञान माणसाला नेमता येतं, तो नातेवाईकच पाहिजे असं नाही.

आणि जुजबी ओळखींनाही कमी समजू नका. मार्क ग्रॅनोव्हेटर ह्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1973 सालीच मांडलंय की नोकरीची खबर बऱ्याचदा जवळच्यांपेक्षा अशा वरवरच्या ओळखीतून मिळते. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत लागलेल्यांना विचारा ना, टपरीवरच्या ओळखीने किती जण चिकटलेत (सख्खा काका मात्र 'बघू' म्हणून मोकळा).

हॉस्पिटलवाल्यांनी निदान फॉर्मवर 'विश्वासातली व्यक्ती' असा एक रकाना टाकावा, छपाईचा खर्च तो काय.

एक वाचक, नाशिक