रात्रीतून बंद पडणारं स्विच ॲक्सेस आणि तुमची ग्राहक सेवा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या माणसाने आत्ताच फोन ठेवला, म्हणून लगेच लिहून घेतोय. हात पुतण्याचा, शब्द माझे.

मानेच्या मणक्याला मार लागल्यापासून माझे दोन्ही हात चालत नाहीत. फोन चालतो तो अँड्रॉइडच्या स्विच ॲक्सेसवर. फोनचा कॅमेरा माझा चेहरा बघतो: तोंड उघडलं की पडद्यावरची चौकट पुढच्या बटणावर सरकते, भुवया उंचावल्या की ते दाबलं जातं. हे तुम्हाला माहीत आहेच, तुमच्याच सेटिंगमध्ये आहे. पण तुमचा बॅटरी सेव्हर ही सेवा रात्रीतून बंद करून टाकतो. बॅटरी सेव्हरमधून सूट दिलेल्या ॲपच्या यादीत घालून ठेवली, तर तुमचं अपडेट येऊन ती सूटच काढून घेतं. सकाळी हातात, म्हणजे स्टँडवर, नुसती काच. आणि सेवा परत चालू करायला बोटच लागतं.

आजचं बोलणं रेकॉर्ड झालंय म्हणता, तर ऐका एकदा. 'सर, पॉवर आणि व्हॉल्यूमचं बटण एकत्र दाबून धरा.' म्हटलं, हात चालत नाहीत. 'ओके सर, मग एका हाताने ट्राय करा.' म्हटलं, दोन्ही चालत नाहीत. मग बराच वेळ होल्डवरचं संगीत. मग, 'सर, घरात कुणीतरी असेलच ना? त्यांना सांगा.' असतात हो! ते दिवसभर उशाशी बसणार असते, तर मी तुमचा फोन कशाला घेतला असता? आणि वर, 'आणखी काही मदत करू शकतो का?' आणखी? आधीची कुठे झाली?

परत सांगतो, फोन बिघडलेला नाही, तेव्हा फॅक्टरी रिसेट सुचवू नका. तुमचा बॅटरी सेव्हर ती सेवा मारतो. बॅटरी वाचते, माणूस अडकतो. माझ्या शब्दावर ओळखीच्या दोघांनी हाच फोन घेतला, त्यांच्यासमोर मी तोंडघशी पडलोय.

डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सुप्रीम कोर्टाने ३० एप्रिल २०२५ ला सांगितलंय. आणि २०१९ च्या ग्राहक कायद्याने मला माझ्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. पुढच्या अपडेटआधी ही सेवा बॅटरी सेव्हरच्या तावडीतून कायमची सोडवा, नाहीतर तिथे भेटू.

उत्तर लेखी द्या, ईमेलवर. फोन करू नका. तो मला का उचलता येत नाही, ते वर लिहिलंय.

तुमचा (अजून तरी) ग्राहक