टाळ्यांच्या गजरात हरवणारे प्रश्न

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

निवडणूक जवळ आली की गोव्यातील आमच्या सत्तरी तालुक्यातल्या कोपरा सभांत म्हादई नदीचा विषय हमखास निघतो. ‘म्हादईला आई मानणाऱ्यांनी हात वर करा,’ असे वक्ता म्हणतो. सगळेच हात वर करतात आणि लगेच तो त्याच हातांना आपल्या पक्षाचा पाठिंबा ठरवून मोकळा होतो. न्यूयॉर्कमध्ये १९३७ साली स्थापन झालेल्या प्रचार-विश्लेषण संस्थेने प्रचाराच्या ज्या सात युक्त्या लोकांपुढे मांडल्या, त्यांत पूज्य गोष्टीचे वलय स्वतःभोवती ओढून घेण्याची ही युक्तीही होती.

याहून फसवी युक्ती सोयीचे तेवढेच सांगण्याची. म्हादई जलतंटा लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये गोव्याला २४, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३ अब्ज घनफूट पाणी दिले. एका व्यासपीठावरून केवळ १३.४२ हा आकडा सांगून नदी गेल्याचा आक्रोश होतो, तर दुसऱ्यावरून २४ सांगून विजयाचा डंका पिटला जातो. कर्नाटकाच्या वाट्यातील ८.०२ अब्ज घनफूट पाणी वीजनिर्मितीसाठी आहे आणि म्हादईचे पाणी वळवणाऱ्या ज्या कळसा-भांडुरा योजनेवरून एवढा वाद पेटला तिच्या वाट्याला ३.९ आले आहे, हे दोघेही सांगत नाहीत. वळवलेल्या पाण्याची काळजी मलाही आहे, आणि म्हणूनच हा अर्धवटपणा अधिक खुपतो. यातला एकही आकडा खोटा नसल्यामुळे ऐकणाऱ्याला शंका येत नाही. आणि कोणी उरलेला हिशेब विचारलाच, तर त्याला ‘गोव्याचा वैरी’ ठरवून गप्प बसवले जाते.

सभेत उभे राहून प्रश्न विचारणे सामान्य मतदाराला सोपे नसते, कारण विचारणारा कोणाचा कोण हे वाड्यावर सगळ्यांना ठाऊक असते. ते काम वृत्तपत्र करू शकते. मात्र हल्ली वक्त्याचे घोषवाक्यच अवतरणचिन्हांशिवाय मथळा होऊन येते आणि ते वृत्तपत्राचे मत असल्यासारखे वाचले जाते. आपल्या दैनिकाने येत्या निवडणुकीत भाषणाच्या बातमीतच, वेगळ्या पानावर नव्हे, वक्त्याने गाळलेला आकडा द्यावा आणि लवादाच्या निवाड्यानंतर त्याने स्वतः काय केले हे त्याला विचारून त्याचे उत्तर छापावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. उत्तर मिळाले नाही, तर तसेही छापावे.

आपला,
एक मतदार, वाळपई