विषय: अँबेसेडरचा इलेक्ट्रॉनिक कटआउट बॅटरी उकळवतो, दोष ‘ई’ टर्मिनलच्या रिव्हेटमध्ये आहे, बॅटरीत नाही

प्रति,
व्यवस्थापक, गुणवत्ता विभाग

तुमच्या ग्राहक सेवेने माझी तक्रार आज दुपारी ‘निराकरण झाले’ असा मेसेज पाठवून बंद केली. निराकरण काहीही झालेलं नाही. त्यामुळे हे पत्र थेट तुम्हाला. तुमचा माल तुम्हाला ठाऊक असणार असं धरून चालतो, म्हणून मुळाक्षरांपासून सुरुवात करत नाही.

गाडी 1972 ची अँबेसेडर. 12 व्होल्ट, निगेटिव्ह अर्थ, 22 अँपिअरचा डायनॅमो. जुन्या यांत्रिक कटआउटच्या (डायनॅमोचं चार्जिंग ताब्यात ठेवणाऱ्या डबीच्या) जागी तुमचा इलेक्ट्रॉनिक नग बसवला. टर्मिनल तीच: ए (बॅटरी), ए-वन (गाडीचा लोड), एफ (डायनॅमोची फील्ड कॉइल), डी (डायनॅमोचं आउटपुट), ई (अर्थ). डबीवर छापलंय 14.2 व्होल्ट. बसवल्यावर एफ वायरला क्षणभर करंट देऊन डायनॅमोची पोलॅरिटी नीट करून घेतली, तेव्हा तोही प्रश्न विचारू नका.

इंजिन गार असताना, रेस थोडी वाढवून, बॅटरीच्या खांबांवर 14.5 व्होल्ट. गाडी तापली की 15.7. हेडलाइट बंद. जळगावच्या मे महिन्यात हे काय करतं ते सांगायला हवं का? बॅटरी जितकी गरम, तितका तिला व्होल्टेज कमी लागतो. 12 व्होल्टच्या बॅटरीला दर अंशामागे साधारण 20 ते 24 मिलिव्होल्ट. बाहेर 44-45 अंश आणि बॉनेटखाली त्याहून जास्त असताना 14.2 सुद्धा काठावरच आहे. 15.7 ला सहाही सेल उकळतात, पाणी प्लेटांच्या खाली जातं, ॲसिडची वाफ ट्रे खाते, बल्ब उडतात. डायनॅमो जास्त वेळ पूर्ण फील्डवर, म्हणजे पूर्ण जोरावर, राहिला तर आर्मेचर (आतला फिरणारा भाग) तापून कम्युटेटरच्या जोडांचं कथील उडतं, आणि मग खर्च बॅटरीपुरता उरत नाही. गंमत म्हणजे जुन्या यांत्रिक कटआउटमध्ये यासाठीच बायमेटलची पट्टी असायची: ऊन वाढलं की व्होल्टेज आपोआप खाली. तुमच्या ‘आधुनिक’ नगात ऊन वाढलं की व्होल्टेज वर.

तुमच्या पहिल्या उत्तरात ‘बॅटरी खराब’ असं होतं. सेल शॉर्ट झालेली बॅटरी करंट जास्त ओढते, पण व्होल्टेज खाली आणते, वर नेत नाही. तरीही हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी) लावला. सहाही सेल 1.250 ते 1.260, एकसारखे.

मग ‘वायरिंगमध्ये डी आणि एफ शॉर्ट असेल’. हे उत्तर निदान विषयाला धरून होतं. डी आणि एफ दोन्ही वायरी कटआउटवरून काढल्या, रेस दिली, डी वायर ते अर्थ मोजलं: साधारण 2 व्होल्ट, म्हणजे नुसता उरलेला चुंबकपणा. शॉर्ट असता तर डायनॅमो स्वतःच स्वतःला पेटवत वर गेला असता. डायनॅमो आणि वायरिंग निर्दोष. जुना कटआउट परत लावला तर तापलेल्या इंजिनवरही 14.2 च्या वर जात नाही.

आता मुद्द्याचं. जास्त चार्जिंगचं या गाड्यांतलं नेहमीचं कारण म्हणजे कटआउटची कच्ची अर्थ. कटआउटमधला रेग्युलेटर डी आणि अर्थ यांच्यामधला व्होल्टेज बघतो. त्याची अर्थच वर उचलली गेली तर त्याला व्होल्टेज कमी दिसतो आणि तो डायनॅमोला आणखी ढोसतो. गाडी तापलेली असताना ई टर्मिनल ते बॅटरीचा निगेटिव्ह मोजला: 0.03 व्होल्ट. म्हणजे गाडीची अर्थ पक्की. तुमच्या नगाचा पत्रा (बाहेरचं धातूचं कवच) ते बॅटरीचा निगेटिव्ह: 1.4 व्होल्ट. ई टर्मिनलवर जादा जंपर लावला, फरक शून्य. तोच जंपर पत्र्यावर टेकवला आणि मीटर 15.7 वरून तिथल्या तिथे 14.3 ला आला. इंजिन बंद करून ई ते पत्रा ओहम बघितले: गार असताना 1 च्या आसपास, गरम असताना 5 च्या आसपास नाचतो. तिथे हवा होता जवळजवळ शून्य. तुमचं सर्किट पत्र्यावर अर्थ होतं, पत्रा ई टर्मिनलला एका रिव्हेटने जोडलाय, आणि ती रिव्हेट तापली की ढिली पडते. बॉडीकडून पत्र्याला अर्थ मिळाली असती, पण तुम्हीच डबीत रबरी वॉशर दिलेत आणि ‘वॉशर लावल्याशिवाय बसवू नये’ असं पत्रकात छापलंत.

हे सगळं फोनवर वाचून दाखवलं. त्यावर तुमच्या प्रतिनिधीने काय विचारावं?

“सर, गाडी स्कॅनरला लावून एरर कोड पाठवा.”

म्हटलं, या गाडीला स्कॅनरचं सॉकेट नसतं. “मग सॉकेट खराब असेल, आधी ते बदलून घ्या.” म्हटलं, कॉम्प्युटरच नाही तर सॉकेट कशाला असेल? थोडा वेळ गाणं ऐकवलं. मग: “सर, गाडीचं साल?” 1972. “सिस्टीम 1972 घेत नाहीये. 2005 टाकू का?” टाका. “2005 च्या गाडीला स्कॅनर लागतोच, सर.” फोन स्पीकरवर होता, शेजारी बसलेला वायरमन म्हणाला, “भाऊ, हाऊ कोनती गाडीनं सांगी राहिना?” मी ‘साहेबांना द्या’ म्हटलं. साहेबांनी माझं एकही रीडिंग न ऐकता निकाल दिला: “जळगावला ऊन फार असतं, गाडी सावलीत लावत जा.”

सावलीत! चालत्या गाडीवर कडुलिंब धरून कोण धावणार, तेवढं त्यांनी सांगितलं नाही. आणि पाठोपाठ ‘निराकरण झाले’. ज्या गाडीत कॉम्प्युटर नाही तिचा एरर कोड मागून तुम्ही माझं निराकरण केलंत, त्याबद्दल आभार.

वाईट याचं वाटतं की रावेर-यावलकडच्या जुन्या ट्रॅक्टरांवर आणि जिपांवर तुमचे यांत्रिक कटआउट अजून चालू आहेत. दुकानदार तुमचं नाव घेतलं की दुसरा माल दाखवत नाहीत. मीही म्हणूनच घेतला.

मागणी: कटआउटची आणि उकळलेल्या बॅटरीची पूर्ण रक्कम परत. बदली नग नको. तो त्याच रिव्हेटचा असेल. ज्यांना हे नग विकलेत त्यांना ई टर्मिनलपासून पत्र्यापर्यंत वेगळी, डाग दिलेली अर्थ वायर जोडून द्या. 15 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात 2019 च्या कायद्याखाली तक्रार दाखल होईल. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही, आणि एरर कोडही मागत नाहीत.

बिल आणि वेळेसह लिहिलेली सगळी रीडिंग सोबत जोडली आहेत. नग तपासायला हवा असेल तर कुरिअर तुमच्या खर्चाने पाठवा. तपासताना तो लोखंडी शिकंज्यात आवळू नका. शिकंजा अर्थला असला की पत्र्याला बाहेरून अर्थ मिळते आणि नग 14.2 दाखवून पास होतो. तुमच्या कारखान्यातूनही तो बहुधा असाच पास होऊन आला. रबरी वॉशर लावा, अर्थ फक्त ई टर्मिनलला द्या, नग 70 अंशांपर्यंत तापवा आणि मग मीटर बघा.