जुन्या मोटारीचे वायरिंग आणि फ्यूजवरचा चांदीचा कागद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या मोटारींना लागणाऱ्या आगींविषयी आपल्या दैनिकात आलेल्या मजकुरात मालकाने वायरिंगला हात लावू नये, असा सरसकट सल्ला दिलेला आहे. तो मला पटला नाही. माझ्याकडे १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी असून तिचे सगळे वायरिंग मी गेल्या हिवाळ्यात अंगणात उभे राहून स्वतः बदलले. दोन रविवारांत उरकेल असे वाटलेले हे काम अडीच महिने चालले, हेही कबूल केले पाहिजे.

चाळीस वर्षांत वायरींचे पीव्हीसी आवरण इतके कडक झाले होते की वाकवताच त्याचे तुकडे पडत. तरीही मोठा धोका मूळ वायरींत नव्हता, तर पुढे कोणी टेप, कोणी फॉग लॅम्प, कोणी दुसरा हॉर्न बसवताना वायर मधेच सोलून, पीळ देऊन आणि चिकटपट्टी गुंडाळून जे फाटे काढले होते, त्यांत होता. एका फ्यूजवर तर सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळलेला सापडला. ही सारी कामे पैसे मोजून, गॅरेजमध्येच करून घेतलेली होती. फ्यूज हा वायरीच्या रक्षणासाठी असतो. आवरण वितळण्याइतकी वायर तापण्याआधी तो जायला हवा, आणि चांदीचा कागद तसा वेळेवर जाईल याचा काहीच भरवसा नसतो.

हेडलाइट मंद पडतात म्हणून लोक जास्त वॉटचे बल्ब घालतात. वास्तविक ६० वॉटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर मिळून १० अँपिअर घेतात, आणि हा प्रवाह एक चौरस मिलिमीटर छेदाच्या पाच मीटर तांब्याच्या वायरीतून स्टिअरिंगजवळच्या स्विचला वळसा घालून गेला, तर ०.८६ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो. मी अडीच चौरस मिलिमीटरची वायर बॅटरीपासून फ्यूज आणि रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) यांमार्गे थेट दिव्यांपर्यंत नेली. स्विचकडे आता फक्त रिले चालवण्याचे काम उरले आहे. बल्ब जुनेच आहेत, उजेड मात्र नवा वाटतो.

अर्थात, बॅटरीचे ऋण टोक आधी सोडवून सर्वांत शेवटी जोडायचे, पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या धारेपासून वायर वाचवणारे कडे, घालायचे आणि अर्थिंगच्या, म्हणजे वायर मोटारीच्या पत्र्याला जोडतात त्या, जागेवरचा गंज पत्रा चकाकेपर्यंत घासायचा, एवढा धीर ज्याच्याकडे नाही त्याने आपला सल्लाच पाळावा. मी स्वतः प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधली होती. तरीही पहिल्या चाचणीत डावा इंडिकेटर दिला की वायपर हलू लागला.

अडचण खरी आहे ती बाजारात. सुट्या वायरीच्या गुंडाळीवर पुष्कळदा जाडी छापलेली नसते आणि तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर तांब्याची म्हणून हाती पडते. टोक पात्याने खरवडले की आतला पांढरा धातू दिसतो. आपल्या वाहनविषयक पानावर पुन्हा असा मजकूर आला, तर वायर घेताना रंगाआधी चौरस मिलिमीटर विचारावेत, ही एक ओळ त्यात अवश्य असावी.

आपला,
एक वाचक, मिरज