मराठवाड्याने इंग्रज पाहिला नाही, हे खरे नव्हे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मुक्तिसंग्राम दिनाच्या पुरवणीत पहिल्या पानावर आलेला लेख मी काल दोनदा वाचला. मराठवाडा निजामाकडे होता, म्हणून येथे इंग्रजी सत्तेची झळ लागली नाही आणि तिचे फायदेही पोचले नाहीत; आपले मागासलेपण ही सर्वस्वी निजामाची देणगी आहे, असा त्या लेखाचा सूर आहे. माझे वडील १९४८ साली सीमेवरच्या शिबिरात होते. निजामी राजवटीची किंवा रझाकारांची बाजू घेण्याचा प्रश्न आमच्या घरात कधी उद्भवला नाही आणि आजही उद्भवत नाही. तरीही लेखातील हे विधान चुकीचे आहे. दर सप्टेंबरात ते कोठे ना कोठे छापून येते, म्हणून हे पत्र लिहावे लागत आहे.

दोन वर्षांपूर्वी याच दिवशी आमच्या भागातील एका शाळेने मला मुलांशी बोलायला बोलावले होते. आम्ही मूळचे साळी. पणजोबांच्या मागाची फणी आमच्या माळ्यावर जपून ठेवलेली आहे. ती मी जुन्या धोतरात गुंडाळून सोबत नेली. बोरूच्या काड्यांचे तिचे दाते इतके दाट आहेत, की दोन दात्यांच्या मधल्या फटीत नख शिरत नाही आणि उजेडासमोर धरल्याशिवाय ती फट दिसतही नाही. नांदेडचे तलम कापड एके काळी दूरवर जात असे, ते अशा फण्यांतून निघालेले. पुढच्या रांगेतील एक मुलगी बोट टेकवून दाते मोजू लागली होती आणि साठाच्या पुढे गेली होती. हा माग बंद का पडला, हे मी नुकते सांगायला घेतले होते, तोच संयोजक जवळ आले आणि म्हणाले, ‘सर, आजचा विषय निजाम आहे. इंग्रजांचे पंधरा ऑगस्टला बघू.’ मी फणी पुन्हा गुंडाळली. त्या मुलीची मोजणी अर्धवट राहिली, याचे मला आजही वाईट वाटते. त्या दिवशी मुलांना जे सांगायचे राहिले, ते येथे लिहितो.

ईस्ट इंडिया कंपनी आणि निजाम यांच्यात १८०२ साली व्यापाराचा तह झाला आणि त्यात मालावरील जकात शेकडा ५ ठरवण्यात आली. पुढे विलायती गिरण्यांचे सूत आणि कापड येऊ लागले, तेव्हा आपल्या विणकरासाठी ही जकात वाढवण्याचा अधिकार हैदराबादच्या गादीला उरलेला नव्हता. ज्या राज्याला स्वतःच्या वेशीवर जकातीचा दर ठरवता येत नाही, त्याला स्वतंत्र राज्य कसे म्हणायचे? १९०० च्या सुमारास मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारा लोहमार्ग नांदेडवरून गेला. ‘फायदा’ म्हणून या रेल्वेकडे बोट दाखवले जाते. याच रेल्वेने कापसाच्या गाठी बाहेर गेल्या आणि गिरणीचे ठाण आत आले. पणजोबांनी हातचे सूत सोडून गिरणीचे सूत घेतले, मग तलम सोडून जाडेभरडे विणले, आणि शेवटी माग उकलून त्याची लाकडे चुलीला लावली. फणी तेवढी ठेवली. उस्मानशाही मिल सुरू झाल्यावर आजोबा तेथे कामाला लागले. साळ्याचा मुलगा दुसऱ्याच्या साच्यावर उभा राहिला, एवढाच आमच्या घराचा इतिहास आहे.

कापडाची गोष्ट साळ्या-कोष्ट्यांपुरती असेल, परंतु फौजेची गोष्ट मराठवाड्यातील प्रत्येक शेतकऱ्याची आहे. १७९८ साली निजामाने तैनाती फौज स्वीकारली, फ्रेंच अधिकाऱ्यांच्या हाताखालील आपल्या पलटणी मोडल्या आणि वर्षाला २४ लाख १७ हजार १०० रुपये देण्याचे कबूल केले. फ्रेंचांना हैदराबादेतून हटवणे ही इंग्रजांची गरज होती. खर्च मात्र आपल्याकडचा. १८०० साली या फौजेच्या खर्चापोटी बळ्ळारी, कडप्पा हे जिल्हे कायमचे देऊन टाकले. येथे हिशेब मिटायला हवा होता. तो मिटला नाही, कारण त्याच तहात युद्धप्रसंगी ६,००० पायदळ आणि ९,००० घोडेस्वार पुरवण्याचे एक कलम होते, आणि त्याच्या आधाराने शांततेच्या काळातही इंग्रज अधिकाऱ्यांची दुसरी फौज निजामाच्या खर्चाने बारमाही उभी करण्यात आली. तीच कंटिंजंट. जालना, हिंगोली, औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, येथील छावण्या तिच्या होत्या. तहाने निजामावर असे बंधन येत नव्हते, हे खुद्द गव्हर्नर जनरल डलहौसीनेही मान्य केले होते. तरी थकलेला पैसा त्यानेच वसूल केला. ‘इंग्रज पाहिलाच नाही’ असे लिहिणाऱ्याने हिंगोलीत एक फेरी मारावी.

या फौजेचा पगार भागवण्यासाठी दिवाण चंदुलालने हैदराबादच्या पामर कंपनी या खासगी पेढीकडून शेकडा २४ च्या आसपास व्याजाने कर्जे उचलली. व्याज फेडण्यासाठी तालुकेच्या तालुके इजाऱ्याने, म्हणजे सारावसुलीच्या मक्त्याने, दिले गेले. इजारदाराची नजर एका हंगामापुरती असते. ज्वारी काढून झाली की वाड्यातील बैलही त्याला वसुलीतच धरायचे असतात. अरब आणि रोहिले शिपाई दारात बसवून सारा वसूल केल्याच्या गोष्टी आमच्याकडच्या म्हाताऱ्यांनी सांगितल्या, त्यांत निजाम होता, इजारदार होता, सावकार होता. त्या साऱ्याच्या मागे छावणीतील पगारपत्रक होते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. आपण शिकलेल्या लोकांनीही ते सांगू नये, याला माझा आक्षेप आहे. निजामाचा आणि त्याच्या दिवाणाचा दोष यात मोठा आहे आणि तो मी कमी करीत नाही. जो राजा आपल्या संरक्षणाचा ठेका परक्याला देतो, त्याला रयतेची भीती उरत नाही. पण राजाला असे निर्धास्त करणे हाच तैनाती फौजेचा सर्वांत वाईट परिणाम होता.

लेखकांनी नळदुर्गाचे नावही घेऊ नये, याचे मला सर्वाधिक आश्चर्य वाटले. १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूरचा दुआब आणि नळदुर्गचा मुलूख त्या कंटिंजंटच्या खर्चासाठी इंग्रजांनी आपल्या कारभाराखाली घेतला. आजच्या धाराशिव जिल्ह्याच्या मोठ्या भागावर १८६० पर्यंत इंग्रज अधिकाऱ्याचा अंमल होता आणि सुरुवातीची काही वर्षे मेडोज टेलर नळदुर्गच्या किल्ल्यात राहून तो चालवत होता. १८६० साली नळदुर्ग परत मिळाले. कापूस पिकवणारे वऱ्हाड मात्र मिळाले नाही. १९०२ साली ते वर्षाला २५ लाख रुपयांच्या खंडाने कायमचे लिहून घेतले गेले. काय परत करायचे आणि काय ठेवायचे, हे इंग्लंडातील लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाकडे पाहिले की समजते. आणि १८५७ च्या जूनमध्ये मोमिनाबादहून औरंगाबादेत आणलेल्या घोडदळाने दिल्लीच्या बादशहाविरुद्ध जाण्यास नकार दिला, म्हणून ज्या शिपायांना मृत्युदंड झाला, त्यांनी इंग्रज पाहिला नव्हता काय?

जाता जाता आणखी एक. गेल्या वर्षी याच विषयावर मी आपल्याकडे पत्र पाठवले होते. ते छापून आले, त्याबद्दल आभारी आहे. परंतु त्यातील तहांचा मजकूर आणि आकडे काढून टाकून निजामाचा निषेध करणारी तीन वाक्येच उरवली होती, आणि खाली माझे नाव होते. ओळखीच्या लोकांनी ते वाचून अभिनंदन केले, तेव्हा मला काय बोलावे ते सुचले नाही. जागेची अडचण मी समजू शकतो. या वेळी पत्र मोठे झाले असेल तर माझ्या वडिलांचा आणि आजोबांचा उल्लेख खुशाल गाळावा; १८०२ आणि १८५३ ही दोन वर्षे मात्र कृपया राहू द्यावीत.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
नांदेड