बंदीच्या आदेशातच व्यवस्थाही लिहिलेली असावी

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

महाराष्ट्रात करोनाचे पहिले दोन रुग्ण 9 मार्च 2020 रोजी, ऐन होळीच्या दिवशी, पुण्यात आढळले आणि 24 मार्चच्या रात्री देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली. मधल्या पंधरवड्यात जे बहुतेक निर्णय झाले ते राज्य सरकारचे स्वतःचे होते. पुढे केंद्राच्या आणि राज्याच्या आदेशांची इतकी सरमिसळ झाली की श्रेय कोणाचे आणि दोष कोणाचा हे ठरवणे अवघड व्हावे. राज्याने साथीला दिलेला पहिला प्रतिसाद तपासायचा असेल तर हाच पंधरवडा तपासायला हवा. महसूल खात्यात आदेश लिहिण्याचे आणि ते गावोगाव पोहोचवण्याचे काम करून निवृत्त झालेला कर्मचारी म्हणून त्याविषयी लिहीत आहे.

त्या दिवसांत बरेच काही चांगले झाले, हे आधी सांगितले पाहिजे. दुबईहून 1 मार्चला परतलेल्या दाम्पत्याला संसर्ग झाल्याचे कळताच आरोग्य खात्याने त्यांच्या प्रवासाचा माग काढला. दुसऱ्याच दिवशी त्यांची मुलगी, विमानातील एक सहप्रवासी आणि त्यांना मुंबईहून पुण्याला आणणारा टॅक्सीचालक बाधित असल्याचे निष्पन्न झाले. त्या टॅक्सीचालकाचा परदेश प्रवासाशी काहीही संबंध नव्हता. कोणीतरी बसून, ‘विमानतळावरून घरी कसे आलात?’ असा साधा प्रश्न विचारला म्हणूनच तो सापडला. तत्कालीन आरोग्यमंत्री राजेश टोपे रोज आकडे सांगत होते, मुख्यमंत्री उद्धव ठाकरे थेट लोकांशी बोलत होते, आणि दोघांच्याही बोलण्यात धमकीचा सूर नव्हता. घाबरलेल्या समाजाला त्या वेळी याची फार गरज होती, आणि ती भागवल्याबद्दल त्या सरकारचे ऋण मी मानतो.

माझी तक्रार आदेशांच्या घडणीबद्दल आहे. काय करू नये हे त्यांत नेमके आणि ठाम शब्दांत होते. मग माणसाने करायचे काय, याविषयी मात्र त्यांत फार थोडे होते.

घरीच विलग राहण्यास सांगितलेल्या प्रवाशांच्या डाव्या हाताच्या मागच्या बाजूवर, मतदानाची न पुसणारी शाई वापरून, शिक्का मारण्याचा निर्णय 16 मार्चला झाला. कोणत्या तारखेपर्यंत घरात राहायचे तेही त्या शिक्क्यात होते. दोनच दिवसांनी, 18 मार्चला, जर्मनीहून आलेले असे शिक्केधारी चार प्रवासी गरीब रथ एक्स्प्रेसने सुरतेकडे निघालेले आढळले आणि त्यांना पालघरला गाडी थांबवून उतरवण्यात आले. त्यांच्या बेजबाबदारपणावर तेव्हा पुष्कळ टीका झाली आणि ती गैर नव्हती. पण ज्यांचे घर सुरतेकडे आहे त्यांना मुंबईत शिक्का मारून ‘घरी राहा’ असे सांगितले, तर मधले अंतर त्यांनी कसे पार करायचे, याचा विचार त्या शाईच्या शिक्क्याबरोबर कोणी केला होता? विमानतळावरून स्वतंत्र वाहन किंवा तिथेच चौदा दिवस राहण्याची सोय, यांपैकी एक गोष्ट आदेशाचाच भाग असती, तर ते चौघे रेल्वेच्या डब्यात बसले नसते.

याहून कितीतरी मोठ्या प्रमाणावर हेच 20 मार्चला घडले. मुंबई महानगर प्रदेश, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूर येथील अत्यावश्यक सेवा वगळता सर्व दुकाने आणि कार्यालये 31 मार्चपर्यंत बंद राहतील अशी घोषणा त्या दिवशी झाली. रोगाचा वेग पाहता हा निर्णय योग्यच होता, किंबहुना तो आणखी चार दिवस आधी झाला असता तरी चालले असते. मालकांनी कामगारांचे किमान वेतन थांबवू नये, माणुसकी दाखवावी, असे आवाहनही मुख्यमंत्र्यांनी केले. आवाहन मनापासून होते यात शंका नाही. पण ज्याचा मालक म्हणजे रोज बदलणारा मुकादम, त्या नाक्यावरच्या मजुरापर्यंत ते पोहोचणार कसे? कारखान्याच्या पोटमाळ्यावर झोपणाऱ्या आणि खानावळीत जेवणाऱ्या माणसाची, कारखाना व खानावळ बंद होताच, झोपायची आणि जेवायची जागा एकाच दिवशी गेली. लोकमान्य टिळक टर्मिनसवर आणि पुणे स्थानकावर उत्तर प्रदेश-बिहारकडे जाणाऱ्यांची जी झुंबड उडाली ती याच हिशेबातून. गर्दी टाळण्यासाठी काढलेल्या आदेशाने गर्दी जमली, याला त्या माणसांचे अज्ञान कारणीभूत नव्हते.

व्यवस्था अशक्य होती असेही नाही. केरळच्या मुख्यमंत्र्यांनी आदल्याच दिवशी, 19 मार्चला, 20 हजार कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले होते आणि त्यात मोफत धान्य, आगाऊ निवृत्तिवेतन व 20 रुपयांत जेवण यांचा समावेश होता. आपल्याकडे तर शिवभोजन योजना 26 जानेवारीपासून सुरूच होती आणि दहा रुपयांत थाळी मिळत होती. तीच थाळी पाच रुपयांची करून तालुक्यापर्यंत नेण्याचा स्तुत्य निर्णय सरकारने मार्चच्या अगदी अखेरीस घेतला, आणि मजुरांसाठी निवारा केंद्रेही साधारण त्याच सुमारास उभी राहिली. म्हणजे इच्छा होती, योजना होती, यंत्रणाही होती. फक्त बंदीचा कागद आधी निघाला आणि भाकरीचा कागद आठवड्याने. त्या आठवड्यात ज्यांचा धीर सुटला ते रस्त्याला लागले आणि पुढचे दोन महिने चालतच राहिले. जालन्याहून भुसावळकडे निघालेले सोळा मजूर 8 मे रोजी करमाडजवळ रुळांवर झोपेत मालगाडीखाली गेले, तेव्हा पहिली घोषणा होऊन सात आठवडे उलटले होते.

कोकणातल्या आमच्या गावात त्या आठवड्यात मुंबईहून चाकरमानी येऊ लागले. पोलीस पाटील वेशीवर वही घेऊन नावे टिपत होते, कारण नावे टिपण्याचा निरोप आला होता. आलेल्यांनी वेगळे राहावे असाही निरोप होता. परंतु ज्या घरात एकच खोली, पडवीत अंथरुणाला खिळलेली आई आणि मागे दोन घरांत मिळून एक शौचालय, तिथे वेगळे म्हणजे कुठे राहायचे, हे निरोपात नव्हते. शाळा रिकामी होती, पण तिची किल्ली कोणी कोणाला द्यायची, तिथे दिव्याचे आणि पाण्याचे बिल कोणी भरायचे, रात्री कोणाला ताप आला तर गाडी कोणाची, याबद्दल एका ओळीचाही लेखी आधार नसल्याने ग्रामसेवक आणि सरपंच दोघेही अडले. अखेर गावकऱ्यांनी आपल्या जबाबदारीवर शाळा उघडली. शेजारच्या काही गावांनी असा आधार नाही म्हणून वेशीवर बांबू आडवे टाकले आणि आपल्याच माणसांना परत पाठवले. त्यात जी नाती तुटली ती अजून जुळलेली नाहीत.

याचे मूळ मला 1897 च्या साथरोग कायद्यात दिसते. राज्याने 13 मार्चच्या मध्यरात्रीपासून तो लागू केला. मुंबईतील प्लेगच्या वेळी इंग्रज सरकारने घाईने केलेला हा कायदा मुळात अवघ्या चार कलमांचा होता. त्यात सरकारला अधिकार आहेत, आदेश मोडणाऱ्याला शिक्षा आहे आणि सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण आहे. ज्याला घरात कोंडले त्याला अन्न, निवारा आणि औषध देण्याचे कर्तव्य सरकारवर टाकणारे एकही कलम त्यात नाही. परक्या राज्यकर्त्यांना त्याची गरज वाटली नसेल. पुण्याने त्या कायद्याची अंमलबजावणी कशी सोसली हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु 2020 मध्ये केलेल्या दुरुस्तीतही आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांना कठोर शिक्षा आली (ती आवश्यकच होती), नागरिकाच्या पदरात मात्र काही पडले नाही. बाविसाव्या विधी आयोगाने फेब्रुवारी 2024 च्या आपल्या 286 व्या अहवालात या कायद्याच्या त्रुटी दाखवून साथीसाठी आधीच आराखडा तयार ठेवण्याची शिफारस केली आहे.

केंद्राचा नवा कायदा होईल तेव्हा होईल; सार्वजनिक आरोग्य हा विषय राज्याच्या सूचीतला आहे आणि आदेशाचा नमुना बदलण्यासाठी संसदेची वाट पाहावी लागत नाही. साथीच्या काळात बंदी घालणाऱ्या कोणत्याही आदेशात, तिच्यामुळे ज्यांची मजुरी, जेवण किंवा राहण्याची जागा जाईल त्यांच्यासाठी कोणते केंद्र कोणत्या दिवसापासून सुरू होईल, त्याचा खर्च कोणत्या लेखाशीर्षातून होईल आणि तालुक्याला जबाबदार अधिकारी कोण, हे त्याच कागदावर लिहिणे बंधनकारक करावे, आणि हा मजकूर भरल्याशिवाय आदेशावर सही होऊ नये. ग्रामपंचायतीला शाळा किंवा समाजमंदिर ताब्यात घेऊन त्यावर ठराविक रकमेपर्यंत खर्च करण्याची मुभा आधीच लेखी देऊन ठेवावी. असे नमुना आदेश मदत व पुनर्वसन विभागाने आरोग्य विभागाच्या सल्ल्याने तयार करावेत, आणि ते अंतिम करण्यापूर्वी 2020 च्या मार्चमध्ये वेशीवर वही घेऊन उभ्या राहिलेल्या पोलीस पाटलांना, आशा सेविकांना आणि ग्रामसेवकांना एकदा तालुक्याला बोलावून त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे.

आपला,
एक निवृत्त महसूल कर्मचारी
संगमेश्वर (जि. रत्नागिरी)